कुकडीच्या पात्रातले रांजण

पुण्याहून मुलाबाळांसह सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा ठिकाणांत निघोजचे रांजणखळगे मला सर्वांत बोलके वाटतात. शिरूरपर्यंत अहिल्यानगरचा महामार्ग, मग टाकळी हाजीचा रस्ता. सपाट शेतांमधून जाताना पुढे काही वेगळं असेल अशी शंकाही येत नाही. कुकडीच्या काठावर पोचल्यावर मात्र जमीन एकदम चिरल्यासारखी दिसते. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे पारनेर तालुका, दोन्ही तीरांवर मळगंगेची देवळं आणि मधल्या काळ्या कातळात तोंडाशी गोल, पोटात फुगीर असे खळगेच खळगे. हे कोरले कुणी, हा प्रश्न तिथे प्रत्येकाला पडतो.

सह्याद्रीचा कातळ लाव्हाचा, म्हणून हे ज्वालामुखीच्या वायूचे बुडबुडे असावेत, असं वाटणं साहजिक आहे. पण बेसाल्टमधल्या वायूच्या पोकळ्या सहसा वाटाण्याएवढ्या ते मुठीएवढ्या, आणि पुष्कळदा स्फटिकांनी भरलेल्या. इथे माणूस सहज मावेल असे खळगे आहेत, त्यांच्या भिंती घोटून गुळगुळीत झालेल्या आहेत आणि काहींच्या तळाशी गोटे पडलेले दिसतात. शिवाय ते आहेत नदीच्या पात्रात. काठावरच्या रानात नाहीत. शेजारचे दोन खळगे वाढत जाऊन मधली भिंत फुटलेलीही दिसते. म्हणजे काम नदीचंच. उन्हाळ्यातली कुकडी पाहून कुणी म्हणेल, एवढ्याशा पाण्याने दगड कसा झिजेल? पाण्याने एकट्याने झिजवलेला नाहीच. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे कातळाच्या एखाद्या भेगेत किंवा खोलगट जागी गरगरत राहतात आणि गिरमिटासारखे खाली उतरत जातात. लाव्हा थिजून साडेसहा कोटी वर्षं होत आली. नदीला घाई कधीच नव्हती.

हे सगळं देवीचं कर्तृत्व मानणाऱ्यांशी वाद घालण्याचं कारण नाही. नदीलाच देवी मानणाऱ्या मुलखात श्रद्धा आणि भूगोल एकाच काठावर नांदू शकतात. पण ‘आशियातले सर्वांत मोठे’ अशा बिरुदांवर समाधान मानून परतणं म्हणजे डोळ्यांसमोरचा पुरावा न वाचणं. पावसाळा ओसरल्यावर, पाणी उतरलेलं असताना जावं, मुलांना निसरड्या कडांपासून दूर ठेवावं आणि तळातला एकही गोटा आठवण म्हणून उचलू नये. नदीची ती अवजारं आहेत, आणि तिचं काम अजून चालू आहे.