भोवरा

निवृत्तीनंतर त्याने भंगारातून लेथ उचलला. ओतीव लोखंडाचा, गंजलेला, दोघांनाही न पेलणारा. आठवडाभर रॉकेल, पॉलिश पेपर, नवा पट्टा.

पहिल्याच दिवशी पटाशी लाकडात रुतली आणि ठोकळा उडून भिंतीवर आदळला. चूक साधी होती. धारेमागची उतरती बाजू आधी फिरत्या लाकडाला टेकवायची, मग मूठ हळूच उचलत कापायला लागायचं. त्याने थेट टोकच खुपसलं होतं. वेगही जास्त. ओबडधोबड लाकडासाठी पट्टा मोटरच्या लहान पुलीवर हवा, हे त्याला नंतर सुचलं. अर्थात, नंतरच सुचतं!

त्याला सावंतवाडीची चितारआळी आठवली, तिथली रंगीत लाकडी फळं. लाखकामात ब्रश लागत नाही. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते, रंग आपसूक चढतो. लहानपणी वडिलांनी तिथूनच भोवरा घेऊन दिला होता. तो कुठे हरवला, कोण जाणे.

महिन्याने त्याचा स्वतःचा भोवरा झाला. पोट एका बाजूला जड. जाळी लावून फेकला, तर तो डुगडुगत कपाटाखाली गेला. त्याने काढला नाही. आत थोडा वेळ घरघर ऐकू येत राहिली.