गरुडछाप बाटलीच्या गावी

कालका-सिमला गाडीच्या वेळापत्रकात सोलन स्थानकानंतर लगेच आणखी एक नाव येतं: सोलन ब्रुअरी. काका या प्रवासाला तयार झाले ते या नावापायीच. सिमल्याचा माल रोड आणि घोड्यावरचा फोटो यांत त्यांना काडीचा रस नव्हता. वय ब्याऐंशी, लष्कराच्या ईएमईतून सुभेदार म्हणून निवृत्त, निम्मी नोकरी अंबाल्यात. अंबाल्याच्या कँटीनमधून वर्षानुवर्षं त्यांनी जी बिअर घेतली, ती याच डोंगरातून खाली यायची. गोल्डन ईगल. रजेवर येताना ट्रंकेत कपड्यांत गुंडाळून एखादी बाटली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावीही पोचायची आणि तिथे तिला 'गरुडछाप' म्हणत. लेबलावरचा पक्षी ओळखायला इंग्रजी लागत नव्हतं.

काकूही सोबत होत्या. त्यांना बिअरपेक्षा रिकाम्या बाटलीत रस असायचा. जाड काच, साडेसहाशे मिलिलिटर, बूच घट्ट बसायचं. रॉकेलला एक, काकवीला एक, फिनेलला एक. "यांनी प्यायली म्हणून माझं स्वयंपाकघर उभं राहिलं," असं त्या कालक्यातच, अडीच फुटी रुळांवरच्या त्या छोट्या डब्यात शिरता शिरता सांगून मोकळ्या झाल्या.

ही लाइन 9 नोव्हेंबर 1903 रोजी सुरू झाली. लांबी 96 किलोमीटर, बोगदे शंभराहून जास्त. 2008 पासून जागतिक वारसा यादीत. दिल्लीहून कालक्यापर्यंतची मोठी गाडी त्याआधी, 1891 सालची. पण बिअर या दोन्हींच्या आधीपासून इथे आहे. एडवर्ड डायर नावाच्या इंग्रजाने 1850च्या दशकात कसौलीला भट्टी घातली, तेव्हा रूळ नव्हतेच. यंत्रसामग्री विलायतेहून जहाजाने आली, गंगेतून जिथवर नेता आली तिथवर नेली आणि पुढे बैलगाड्यांनी डोंगरावर चढवली, असं कंपनीचा इतिहास सांगतो.

एवढा खटाटोप कशाला? गोऱ्या शिपायाला बिअर लागायची आणि विलायतेहून येणारी बिअर समुद्रावर महिनोन्‌महिने हेलकावे खात, महाग होत यायची. इथेच करायची तर सपाटीवरचा उन्हाळा आडवा यायचा. जवाला मोड आणून, ते भाजून काढलेला गोड अर्क यीस्टच्या स्वाधीन केला की पुढचे दिवस गारवा लागतो. उष्म्यात तो आंबट होऊन फुकट जातो. बर्फाची यंत्रं येण्याआधी गारव्यासाठी एकच उपाय होता, तो म्हणजे उंची. कसौली समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटरवर आहे, झऱ्याचं पाणी आहे आणि खाली सपाटीवर अंबाल्याची मोठी छावणी. गिऱ्हाईक पायथ्याशी आणि कारखाना डोक्यावर, असा हिशेब जमला.

धरमपूरला उतरून आम्ही टॅक्सीने कसौलीला गेलो. बिअर करण्याचं काम पुढे सोलनला हललं. कसौलीत व्हिस्कीची भट्टी राहिली, ती अजून चालू आहे. कारखाना आत जाऊन बघायचा म्हटलं तर नकार मिळाला, तेव्हा बाहेरूनच दगडी भिंती, उतरते पत्रे आणि चिमणी पाहिली. काका बराच वेळ फाटकाकडे बघत होते. तेव्हा मी डायर घराण्याची गोष्ट सांगितली. एडवर्ड डायरचा मुलगा रेजिनल्ड 1864 साली मरीला जन्मला. मरीतही भट्टी होती आणि ती बापाच्याच देखरेखीखाली होती. हा रेजिनल्ड म्हणजे 1919च्या जालियनवाला बागेतला जनरल डायर.

हे काकांना इथवर येईपर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "मग लेबलावर 'डायर' नाव होतं, ते यांचंच?"

यांचंच. एच. जी. मीकिन नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने 1887 मध्ये डायरकडून सिमल्याची आणि कसौलीची भट्टी विकत घेतली. पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही घराणी एकत्र येऊन डायर मीकिन झाली. 1949 मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी कंपनी हाती घेतली, पण पाटी बदलायला 1967 उजाडलं, तेव्हा ती मोहन मीकिन झाली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची जवळजवळ वीस वर्षं भारतीय जवान डायर मीकिनची बिअर पीत होता, आणि सकाळी झेंड्याला सलामीही देत होता. यात कुणाचा दोष काढण्यासारखं काही नाही. बाटली उघडताना कंपनीचं नाव कोण वाचतं? काका मात्र संध्याकाळपर्यंत गप्पच राहिले, आणि जेवताना एकदम म्हणाले, "बरं झालं मोहनने घेतली."

1949 हे साल आमच्या दुसऱ्या घरातही महत्त्वाचं आहे. इकडे मोहन भट्टी विकत घेत होते त्याच वर्षी तिकडे मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. मामा गिरगावातले. मोरारजीभाईंच्या राज्यात त्यांची तरुणपणाची वर्षं कोरडी, निदान कागदावर कोरडी गेली. 1951 मध्ये बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातली काही कलमं रद्द केली, बाकीचा कायदा टिकला. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने दोरी सैल केली, मग मामांनी प्रकृतीच्या कारणावरून परमिट काढलं. प्रकृती ठणठणीत होती. महिन्याला ठरलेली युनिटं, दुकानात परमिटवर शिक्का आणि घरी कपाटात मागच्या फळीवर, मामीच्या शालूंच्या आड बाटली. त्यांची बिअर लंडन पिल्सनर. काका तिला 'सिव्हिलियनची' म्हणत. घरात तेव्हा आवडीनिवडीवर कडाक्याचे वाद व्हायचे, पण खरं तर निवड कुणीच केली नव्हती. एकाला कँटीनच्या कोट्याने दिली, दुसऱ्याला परमिटवाल्या दुकानाने.

दोघांचं एकमत फक्त ग्लिसरीनवर होतं. बिअर टिकावी म्हणून कंपन्या तिच्यात ग्लिसरीन घालतात आणि त्यानेच डोकं धरतं, असा त्या पिढीचा पक्का समज. म्हणून बूच उघडून बाटली पाण्याने भरलेल्या पेल्यात उलटी धरायची आणि तोंडातून तेलकट धारा खाली उतरताना बघायच्या. अंबाल्यापासून गिरगावापर्यंत हा विधी सारख्याच गांभीर्याने व्हायचा. प्रत्यक्षात बिअरमध्ये उरलेल्या साखरांमुळे ती पाण्याहून थोडी जड असते, म्हणून धारा दिसतात. काढलं जायचं ते ग्लिसरीन नाही, बिअरच. हे मी सोलनच्या वाटेवर काकांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं दिसलं नाही.

कसौलीहून धरमपूरला परत येऊन पुन्हा वर जाणारी रेल्वे धरली. बडोगचा 1,143 मीटर लांबीचा बोगदा ओलांडला, सोलन मागे पडलं आणि गाडी वळणावर हळू झाली. आधी वास आला, भाजलेल्या जवाचा, थोडा आंबूस, आणि मग खाली झाडीत कारखान्याची छपरं दिसली. "सोलन ब्रुअरी" ही पाटी काकांनी मोठ्याने वाचली. गाडी तिथे थांबली नाही. पलीकडच्या बाकावरच्या एका चंडीगढच्या मुलाने हेडफोन काढून विचारलं, "अंकल, यहाँ क्या बनता है?" त्याने गोल्डन ईगलचं नाव ऐकलं नव्हतं.

ऐकणार कसं? आधी याच घराण्याची लायन देशात पहिली होती. साठच्या दशकात गोल्डन ईगलने तिला मागे सारलं आणि ऐंशीच्या दशकात किंगफिशरने गोल्डन ईगलला. लायन आता श्रीलंकेची ओळख बनून बसली आहे. डायरच्या मरीचा कारखाना फाळणीत पाकिस्तानात गेला आणि तिथे आजही बिअर करतो. मीकिनच्या भट्ट्यांच्या यादीत तर रानीखेत, डलहौसी, दार्जिलिंग यांच्याबरोबर आपली पुण्याची खडकीही होती. काका खडकीला पोस्टिंगवर दोन वेळा राहून आले, त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. "म्हणजे मी ट्रंकेतून उगाच वाहिली," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर सोलनच्या बाजारातल्या दारूच्या ठेक्यावर गोल्डन ईगल मिळाली, पण कोपऱ्यातली, मागून काढून दिलेली. हॉटेलात काकांनी पाण्याचा पेला मागवला आणि बाटली उलटी धरली. काकूंनी लेबल निरखलं, काच बोटांनी वाजवून पाहिली आणि ती पूर्वीपेक्षा पातळ आहे, रॉकेलला चालणार नाही, असं सांगून टाकलं.