दात दाखवा

डाव्या कानाने कमी ऐकू येतंय, हे त्या कंडक्टरच्या आधी त्याच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं. मागून कुणी 'थांबवा हो' म्हणून ओरडलं की कंडक्टर भलतीकडेच बघायचे. ऐकायला एक कान पुरतो, पण आवाज कुठून आला हे कळायला दोन लागतात. मोबाइल डाव्या कानावरून उजव्यावर कधी गेला, हे त्यांना स्वतःलाही सांगता येईना. गावात कानातला मळ काढून झाला, थेंब घालून झाले, शेवटी 'नस सुकलीय' म्हणून विषय मिटला. वय सत्तेचाळीस.

मग तोल जाऊ लागला. वीस वर्षं घाटातल्या वळणांवर कशाला न धरता तिकिटं देणारा हा माणूस सरळ रस्त्यावरही दांडा धरून उभा राहायला लागला. एकदा दाढी करताना डाव्या गालावर ब्लेड लागलं, रक्त आलं, आणि ते आरशात दिसेपर्यंत कळलं नाही. एमआरआयमध्ये ब्रेनस्टेमला टेकून चार सेंटिमीटरची गाठ दिसली, चांगल्या रसदार लिंबाएवढी.

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ. जाडी जेमतेम अंगठ्याएवढी. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, जागं राहणं या सगळ्यांचा कारभार इथून चालतो, आणि हातापायांकडे जाणाऱ्या साऱ्या तारा इथूनच खाली उतरतात. या देठाच्या बाजूला, लहान मेंदूच्या पुढे एक बेचकं आहे. त्यातून कानाची आणि चेहऱ्याची अशा दोन नसा जोडीने निघतात आणि कवटीच्या हाडातल्या सेंटिमीटरभर लांबीच्या बोळात शिरतात. कंडक्टरांची गाठ याच बोळात उगवली होती आणि जागा पुरेना म्हणून बाहेर आली होती. अशा गाठीला वर्षानुवर्षं 'अकूस्टिक न्यूरोमा' म्हणत आले. या नावातले दोन्ही शब्द चुकीचे आहेत. ती ऐकण्याच्या नसेवर उगवत नाही, शेजारच्या तोल सांभाळणाऱ्या नसेवर उगवते. आणि वाढतात त्या नसेभोवती वेष्टण घालणाऱ्या श्वान पेशी. म्हणून आता तिला 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' म्हणतात. ती कॅन्सरची नसते, अंगभर पसरत नाही आणि बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटरच्या चालीने वाढते. वाईट आहे ती तिची जागा.

या जागेत हात घालणाऱ्या पहिल्या सर्जनांनी खरोखरच हात घातला. एडिंबरोच्या थॉमस अॅनंडेल यांनी १८९५ साली एका गरोदर तरुणीची अशी गाठ काढली आणि ती वाचली. त्या काळात बोटाने उकरून गाठ बाहेर काढायची रीत होती. सगळ्यांचं नशीब त्या तरुणीसारखं नव्हतं. १९१३ साली लंडनला वैद्यकाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा युरोपातल्या नामांकित सर्जनांच्या हातूनही या शस्त्रक्रियेत बहुतेक रुग्ण दगावत होते. बोट फिरलं की ब्रेनस्टेमला रक्त पुरवणारी एक बारीक धमनी तुटायची, आणि गाठ निघाली तरी माणूस जायचा. ही धमनी बंद पडल्यामुळे मृत्यू येतो, हे अॅटकिन्सन यांनी स्पष्ट मांडलं ते थेट १९४९ साली.

बोस्टनच्या हार्वी कुशिंग यांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. गाठीचं कवच जागेवर ठेवायचं, आतला गर काढायचा आणि बाहेर यायचं. १९१७ साली त्यांचं या गाठींवरचं पुस्तक निघालं, तोवर त्यांच्याकडचं मृत्यूचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आलं होतं. १९३१ पर्यंत ते चारवर उतरलं. पण कवच उरलं की गाठ पुन्हा भरायची. बाल्टिमोरला वॉल्टर डँडी होते, एके काळी कुशिंग यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेले. त्यांनी आधी गर काढून मग कवचही हलकेच सोडवून आणायला सुरुवात केली आणि १९२२ साली गाठ पूर्ण काढल्याचं छापलं. आपल्या कामाला श्रेय दिलं नाही म्हणून कुशिंग भयंकर चिडले. दोघांचं पुढे कधी जमलं नाही. न्यूरोसर्जरीतलं हे माझं आवडतं भांडण, कारण त्यात दोघांचंही बरोबर होतं.

डँडी यांच्या पद्धतीची किंमत चेहरा मोजायचा. ऐकण्याच्या नसेची जोडीदार असलेली चेहऱ्याची नस गाठीवर ताणून पसरलेली असते. ती गेली की अर्धा चेहरा लोंबतो, ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळतो, डोळा मिटत नाही आणि बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. जीव वाचला यात समाधान मानायचा तो काळ होता. १९५७ साली कॅलिफोर्नियात थिओडोर कुर्झ यांनी एका पाच वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याच्या नसेवरची गाठ मायक्रोस्कोपखाली काढली. त्यापाठोपाठ लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस याच वाटेने गेले. ते मूळचे दंतवैद्य, नंतर कानाचे सर्जन झाले. मेंदूच्या सर्जनांना कानवाल्याची ही लुडबुड फारशी रुचली नाही. तरी हाउस यांनी विल्यम हिट्सेलबर्गर या न्यूरोसर्जनला जोडीला घेतलं आणि कानाच्या हाडातूनच गाठीपर्यंत रस्ता काढला. मायक्रोस्कोपमुळे ती नस पहिल्यांदाच नीट दिसू लागली.

आपल्याकडे न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग जेकब चंडी यांनी वेलोरला १९४९ साली सुरू केला आणि पुढच्याच वर्षी मद्रासला बी. राममूर्ती यांनी काम उभं केलं. आजही आमच्याकडे येणाऱ्या गाठी मोठ्याच असतात. एका कानाचा बहिरेपणा आपण अंगावर काढतो. दुसरा चालतोय ना, मग काय घाई!

कंडक्टरांच्या दिवशी सकाळी साडेसातला भूल दिली. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला, भुवईपाशी आणि ओठापाशी, केसासारख्या सुया टोचल्या. नसेला धक्का लागला की स्नायू फुरफुरतो आणि यंत्र कडकडतं. भूल स्थिरावली की भूलतज्ज्ञ स्नायू सैल करणारं औषध थांबवतात. नाहीतर यंत्राला ऐकू काय येणार? वॉर्डबॉय मामांनी आणि दोन रेसिडेंटनी मिळून त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत पक्कं केलं. कानामागे हाडात जेमतेम तीन सेंटिमीटरची खिडकी पाडली. तिच्या कडेला एक मोठी शीर वळण घेते. तिला ड्रिल लागलं तर पुढचा दिवस वेगळाच उजाडतो. आत गेल्यावर पहिलं काम गाठीचं नसतंच. मेंदूभोवतीचं पाणी खालच्या पिशवीतून सोडायचं आणि थांबायचं. फुगलेला लहान मेंदू आपणहून खाली बसतो, त्याला ढकलावं लागत नाही. नवशिक्यांना हे थांबणं जड जातं.

मग पिवळसर राखाडी गाठ दिसते. चेहऱ्याची नस बहुधा तिच्या पलीकडच्या अंगाला असते, म्हणजे सर्जनला शेवटी दिसणार. आधी गाठीच्या पाठीवर विजेचं टोक फिरवून नस इकडेच आलेली नाही ना, हे पाहायचं. मग शहाळ्यातली मलई खरवडतात तसं अल्ट्रासोनिक यंत्राने आतून पोखरायचं. कवच सैल पडलं की ते आत दुमडून घ्यायचं आणि ब्रेनस्टेमवरून एकेक पापुद्रा सोडवायचा. कांद्याच्या दोन पाकळ्यांमध्ये असतं ना, तसलं पारदर्शक आवरण मध्ये असतं. ते सापडलं तर दिवस सर्जनचा. साडेबाराच्या सुमाराला वरच्या टोकाशी, गालाच्या संवेदनेच्या नसेजवळ, चिमटा गेला आणि भूलतज्ज्ञ शांतपणे म्हणाल्या, "सर, अडतीस." नाडी सत्तरवरून अडतीसवर आली होती. ती नस ओढली गेली की हृदय मंदावतं. हात काढून घ्यायचा, बस. अर्ध्या मिनिटात नाडी परत साठच्या वर गेली.

चारच्या सुमाराला गाठीचा शेवटचा भाग राहिला, नखाएवढा. त्यावरून चेहऱ्याची नस फितीसारखी चपटी होऊन गेलेली, कुठे संपते आणि कवच कुठे सुरू होतं ते मायक्रोस्कोपखालीही कळेना. यंत्र कडकडायला लागलं. पंचवीस वर्षांपूर्वी मी तो तुकडा काढला असता आणि एमआरआयची कोरी फिल्म परिषदेत दाखवली असती. त्या दिवशी तो ठेवला. स्टॉकहोमला लार्स लेक्सेल यांनी गॅमा नाइफ १९६८ साली वापरात आणलं आणि पुढच्याच वर्षी अशी पहिली गाठ त्याखाली घेतली. भारतात ते १९९७ साली आलं. कवटी न उघडता किरणांचे बारीक झोत एका बिंदूवर आणून ते उरलेल्या गाठीची वाढ रोखतं, पुष्कळदा कायमची. मोठ्या गाठीला ते चालत नाही, ब्रेनस्टेमवर सूज येते. पण नखाएवढ्या तुकड्याला पुरतं. म्हणजे कुशिंग मागच्या दाराने परत आले म्हणायचं. गाठ 'टोटल' काढण्याची फुशारकी अजून चालते, पण रुग्णाला परिषदेत जायचं नसतं, घरी जाऊन जेवायचं असतं.

डावा कान गेला तो गेलाच. इतक्या मोठ्या गाठीत तो परत येत नाही, हे त्यांना आधीच सांगितलं होतं.

रात्री आठला नळी काढली. जागं झालेल्या माणसाला बाकीचे लोक नाव विचारतात, आम्ही न्यूरोसर्जन म्हणतो, "दात दाखवा." त्यांनी दाखवले. डावा कोपरा किंचित मागे राहिला. "आता डोळे घट्ट मिटा." दोन्ही मिटले. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला वाटलं, ते हसतायत. "माझ्याकडे बघून हसले का हो?" तिने सिस्टरना विचारलं.

दीड वर्षाने ते दाखवायला आले. तुकडा तेवढाच होता, म्हणून गॅमा नाइफ अजून दिलेलं नाही, दरवर्षी एमआरआय. गाडीवरची ड्यूटी सुटली आहे. आता स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतात. खुर्ची त्यांनी स्वतः फिरवून घेतली आहे, माणसं उजव्या बाजूने येतील अशी.