पाच रंगांची टिपणं

वारणानगर. गळीत हंगाम सुरू झालाय. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हवेत मळीचा वास. वारणा बझारमधून स्केचपेनचं पाकीट आणलं. "मुलांसाठी का?" "हो." चार मितींचा पसारा मांडायचाय, हे कुणाला सांगत बसणार!

•

तीन घरं, प्रत्येकाला पाणी, वीज, गॅस. रेषा एकमेकींना न छेदता जोडा. कागदावर जमत नाही, हे शाळेपासून ठाऊक. आता त्याच नऊ रेषा रंगवायच्या. पहिल्या घराचं पाणी लाल, वीज हिरवी, गॅस निळा. दुसऱ्याचे निळा, लाल, हिरवा. तिसऱ्याचे हिरवा, निळा, लाल. प्रत्येक बिंदूपाशी तिन्ही रंग एकेकदा येतात. फक्त लाल-हिरव्या रेषांनी चालत गेलं, तर सहाही बिंदू फिरून मूळ जागी येतो. लाल-निळ्याचं तेच, हिरव्या-निळ्याचंही. म्हणजे वेटोळी तीन. प्रत्येकावर एकेक चकती ताणून बसवली, की ६ – ९ + ३ = ०. हा टायरच्या ट्यूबचा पृष्ठभाग! आणि त्यावर कोडं सुटलेलंही आहे, एकही रेषा दुसरीला छेदत नाही. वर्गात हे करून दाखवावं, सूत्रं मागाहून.

•

दोन मितींना तीन रंग, चार मितींना पाच. बिंदू म्हणजे पाच कोपऱ्यांचा चतुर्मितीय ठोकळा, रंगीत रेषा म्हणजे कुठली बाजू कुठे चिकटवायची त्याची नोंद. दोन बिंदू आणि त्यांच्यामध्ये पाच रंगांच्या पाच रेषा: झाला चार मितींचा गोल. पण कुठलाही पंचरंगी आलेख चालत नाही. कोणताही एक रंग पुसल्यावर उरलेला प्रत्येक तुकडा त्रिमितीय गोल निघायला हवा. खरी मेहनत हे तपासण्यात.

झेरॉक्समध्ये रंग जातात, म्हणून ० ते ४ आकडे घातलेले बरे.

•

चार मितींचं चित्र काढायची दुसरी रीत कड्यांची. रॉबियन कर्बीच्या नावाने ओळखली जाते. नेहमीच्या अवकाशात गुंतलेली वेटोळी काढायची आणि प्रत्येकावर एक पूर्णांक लिहायचा. साधं वेटोळं आणि त्यावर १: संमिश्र प्रक्षेप प्रतल. एकमेकांत अडकलेल्या दोन कड्या, दोन्हींवर ०: दोन गोलांचा गुणाकार. तीन आणि चार मितींचे भाग काढायचेच नाहीत, ते एकाच रीतीने बसतात. लॉडेनबाख आणि पोएनारू यांनी १९७२ साली हे सिद्ध केलं, म्हणून एवढी काटकसर परवडते.

•

कड्यांच्या चित्रावरून पंचरंगी आलेख बांधायची पद्धत इटलीच्या कासाली आणि क्रिस्टोफोरी यांनी दिली आहे. उलटसुलट तपासणीला उत्तम.

बिप्लब बसाक आणि योनाथन श्प्रायर यांचं काम वाचतोय. ज्यात प्रत्येक फास आकसतो अशा चतुर्मितीय मॅनिफोल्डचं 'साधं' स्फटिकीकरण, म्हणजे आटोपशीर पंचरंगी आलेख, असेल तर बिंदू ६β + २; β म्हणजे दुसरी बेट्टी संख्या. प्रक्षेप प्रतलाला ८, दोन गोलांच्या गुणाकाराला १४. के३ नावाच्या पृष्ठभागाची (तोही चतुर्मितीय) β २२, म्हणून १३४. एकशे चौतीस बिंदू, ३३५ रेषा! संगणक ते मजेत चघळतो. माणसाला त्यात काही दिसेल असं मला वाटत नाही. चित्र बघायचं तर कड्याच. पण मला विश्वास आलेखाचा जास्त. त्यात 'हे दिसतंच आहे' म्हणून पुढे सरकायची सोय नाही.

•

चार मितींच्या आडमुठेपणाचा एक मासला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सी. पी. रामानुजम (श्रीनिवास रामानुजन नव्हेत). १९७१ चा शोधनिबंध. एक टोकदार घनवक्र आणि एक शांकव घ्यायचा. ते दोनच ठिकाणी भेटतात: एके ठिकाणी पाचपट चिकटून, दुसरीकडे सरळ छेदून. या दुसऱ्या बिंदूचं फुगवण करून दोन्ही वक्र काढून टाकले, की उरतो तो पृष्ठभाग वास्तव हिशेबाने चतुर्मितीय. आतल्या आत एका बिंदूत आकसतो, तरीही तो साधं चतुर्मितीय अवकाश नाही. फार दूर टाकलेला फास तिथल्या तिथे सोडवता येतोच असं नाही. त्यासाठी मधल्या भागात यावं लागतं. मात्र त्याचा आणखी एका संमिश्र रेषेशी गुणाकार केला, की नेहमीचं सहामितीय अवकाश मिळतं. सहा मितींत सुटणारी अडचण चारांत अडून बसते. रामानुजम १९७४ साली वारले, वय ३६.