स्ट्रायपरची वाट

एप्रिलचा दुसरा आठवडा चालू आहे आणि पकिप्सीला हडसनचं पाणी आज ८ अंशांवर आहे. हल्ली सकाळचा चहा घ्यायच्या आधी मी हा आकडा बघतो. बायको म्हणते, लोक शेअर बाजार बघतात, आमच्याकडे नदीला ताप आलाय का ते बघतात!

तर मंडळी, ही सगळी धडपड स्ट्राइप्ड बाससाठी. इथले लोक त्याला स्ट्रायपर म्हणतात. रुपेरी अंग, त्यावर सात-आठ काळ्या रेघा. एरवी हा समुद्रात राहतो, पण वसंतात अंडी घालायला हडसनच्या गोड्या पाण्यात वर चढतो. (आपला जिताडा बरोबर उलटा, तो अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे खाली उतरतो.) आधी हेरिंगचे थवे येतात, त्यांच्या मागोमाग हे. इथल्या जुन्या गळवाल्यांचं कॅलेंडर झाडांवर असतं. फोर्सिथिया पिवळा झाला की हेरिंग आले समजायचं, लायलॅक फुलला की स्ट्रायपरचा हंगाम भरात. आमच्या कोपऱ्यावरच्या फोर्सिथियाला कालच चार फुलं दिसली.

पाणी १५ अंशांच्या पुढे गेलं की खरी गंमत. एका मोठ्या मादीभोवती कितीतरी छोटे नर जमतात आणि पाण्याच्या वरच्या थरात नुसती घुसळण चालते. एक मादी लाखो अंडी सोडते. ती साधारण दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहिली तरच पिल्लं निघतात, तळाच्या गाळात बसली की संपली. समुद्रापासून सुमारे १२० किलोमीटर आत असूनही इथे भरती-ओहोटी असते, आणि ते पाणी अंड्यांना सतत हलतं ठेवतं.

हे सगळं मी दरवर्षी फोनवर बाबांना सांगतो. ते सिंधुदुर्गात, वय ८२. त्यांना यातलं काहीच नवीन वाटत नाही. "म्हणजे चढणच ती!" एवढंच म्हणतात. मिरगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की वहाळातले मासे भाताच्या मळ्यांत चढायचे, आणि बाबा रात्री बत्ती आणि कोयती घेऊन निघायचे. आम्ही पोरं मागे टोपली घेऊन. सगळ्या मासळीत गाबोळी भरलेली असायची. आता ते म्हणतात, चढण पूर्वीसारखी लागत नाही.

इकडेही फार वेगळं नाही. कारखान्यांतून नदीत सोडलेल्या पीसीबीमुळे हडसनमधली स्ट्रायपरची व्यापारी मासेमारी १९७६ साली बंद झाली, ती आजही बंदच आहे. हौशी गळवाल्याला दिवसाला एकच मासा, तोही २३ ते २८ इंचांमधला. त्याहून मोठा लागला तर सोडून द्यायचा, कारण मोठ्या बहुतेक माद्याच असतात. शिवाय आमच्या भागात मोठ्या पुरुषाने महिन्यातून एकदाच खावा आणि मुलांनी तर अजिबात खाऊ नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला. त्यामुळे आमच्या घरात रव्यातली तुकडी खायचा अधिकार फक्त दोघांना, मला आणि बाबांना.

हो, यंदा बाबा येताहेत. ९ मेचं तिकीट आहे. त्यांचे गुडघे बघता हा प्रवास पुन्हा होईल असं वाटत नाही. तेही बोलत नाहीत, मीही बोलत नाही. फोनवर फक्त विचारतात, "इले काय रे मासे?" मी सांगतो, अजून नाही, पाणी थंड आहे. मग म्हणतात, "मी येयसर थांबतले मां?"

आता याला काय उत्तर द्यायचं! विमान तारखेवर येतं, मासे पाण्याच्या उबेवर येतात. मे लवकर तापला तर ते अंडी घालून समुद्राकडे वळलेले असतील. म्हणून इथे सगळे उन्हासाठी आसुसलेले असताना मी एकटाच थंडी अजून थोडी रेंगाळू दे म्हणतोय. गळ टाकला नाही तरी चालेल. धक्क्यावर घडीची खुर्ची टाकून त्यांना ती घुसळण एकदा दिसली की झालं.

असो. तुमच्या गावाकडे चढण अजून लागते का? जरूर कळवा, बाबांना वाचून दाखवीन.