पानाची खालची बाजू

संत्र्याला कोळशी लागली की आधी पान चिकट लागतं, मग चुलीवरच्या गंजाच्या बुडासारखं काळं पडतं. हुडकेश्वरला आमची साठ झाडांची बाग होती. तेव्हा हे गाव गावच होतं, लेआउट पडायचे होते. लोक म्हणत, बुरशी आली. आबाजी म्हणत, "बुरशी मांगून येते. पह्यले माशी येते. पान उलटून पाय."

पान उलटलं की खाली जिलेबीच्या वेढ्यासारखी मांडलेली बारीक अंडी दिसत, नाहीतर काळे ठिपके. ही काळ्या माशीची पिल्लं. ती रस पितात आणि साखरेच्या पाकासारखा चिकटा टाकतात. तो खालच्या पानांवर पडतो, त्यावर बुरशी वाढते. पानाला ऊन मिळत नाही, फळ बारीक नि फिकं राहतं. माशीच्या वर्षाला तीन पिढ्या. अर्धी अंडी फुटली की फवारायचं; उशीर झाला, पिल्लं थोराड झाली, की औषध नीट लागत नाही.

1984च्या श्रावणात फवारणी माझ्याकडे आली. मी पंधरा वर्षांचा. गडी पंप मारायचा, नळी माझ्या हातात. पानाखालून मारायचं तर झाडाखाली वाकून नळी वर धरावी लागते. सगळं औषध तोंडावर, मानेवर गळतं. मळमळायला लागलं. दोन ओळी नीट केल्या, बाकीच्या झाडांना वरूनच आंघोळ घातली.

संध्याकाळी आबाजींनी विचारलं, "खालून मारलं ना बापा?"

मी हो म्हटलं.

दसऱ्यापर्यंत त्या दोन ओळी हिरव्या आणि बाकी बाग काळी. विसार देऊन गेलेला व्यापारी आला, एक संत्रं रुमालानं पुसलं आणि रुमालच आबाजींपुढे धरला. सौदा निम्म्या भावात तुटला. त्या आंबिया बहारावर ताईचं लग्न ठरलं होतं. ते पुढच्या सालावर गेलं. मायनं आणलेलं लुगडं पेटीत परत ठेवलं.

मग आजीनं मोठ्या गंजात मैद्याची खळ शिजवली. ती पातळ करून फवारायची. वाळली की पापुद्रा सुटतो आणि काजळी घेऊन पडतो. पण खळीनं काजळी जाते, माशी नाही. म्हणून थंडीतल्या पिढीवर लिटरमागे दहा मिली निंबोळी तेल, साबणाच्या पाण्यात फेटून. दाट फांद्याही छाटल्या, हवा खेळावी म्हणून.

त्या हिरव्या दोन ओळींपाशी आबाजी बराच वेळ उभे राहिलेले मी पाहिलं होतं. बोलले काही नाहीत. नळी पुन्हा माझ्याच हातात दिली. मी प्रत्येक झाडाखाली शिरलो, साठही.

आता प्लॉटच्या कुंपणाशी एकच झाड उरलंय. ताई माहेरी आली की माझ्याकडे पाहून हसते. "काय पायतं रे उलटून उलटून?"

"माशी," मी म्हणतो. बाकीचं अजून तिला सांगितलेलं नाही.