एकाच टेबलावर दोन आकडे

पुण्यातल्या आमच्या घरी एकाच टेबलावर दोन गायगर काउंटर शेजारी शेजारी ठेवले होते. माझा ताशी ०.२० मायक्रोसिव्हर्ट दाखवत होता, हैदराबादहून आलेल्या मावसभावाचा ०.१०. खोली तीच, भिंती त्याच, तरी एकाचा किरणोत्सार दुसऱ्याच्या दुप्पट. फोनवर बोलायचो तेव्हा फरक जागेचा असेल असं वाटायचं. हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलेलं आहे आणि ग्रॅनाइटच्या मानाने आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम बरंच कमी असतं. पण आता जागा एकच होती, आणि जास्तीचा आकडा उलट माझाच होता. खरं कोणाचं मानायचं?

उत्तर शोधायचं तर आधी नळी समजून घ्यावी लागली. हान्स गायगर आणि वाल्टर म्युलर यांनी १९२८ साली घडवलेली ही नळी तत्त्वाने साधी आहे. आत कमी दाबाचा वायू आणि सुमारे चारशे व्होल्टचा विद्युतदाब. एखादा कण किंवा गॅमा किरण आत शिरून वायूतला एक जरी इलेक्ट्रॉन मोकळा झाला, तरी त्यातून इलेक्ट्रॉनांचा लोंढा उसळतो आणि एक ‘टिक’ ऐकू येते. कण दुबळा असो वा जोरकस, टिक सारखीच. म्हणजे नळीला फक्त मोजता येतं. सिव्हर्टचा हिशेब मात्र शरीरात किती ऊर्जा जिरली यावर बसतो, आणि ती ऊर्जा नळीला दिसतच नाही.

मग पडद्यावरचे मायक्रोसिव्हर्ट येतात कुठून? एका गुणकातून. माझ्या किटमध्ये जे-३०५ ही काचेची नळी आहे. तिच्या प्रोग्रॅममध्ये मिनिटाच्या टिकांना ०.००८१२ ने गुणलेलं होतं. मावसभावाच्या काउंटरमध्ये सोव्हिएत काळातली एसबीएम-२० ही पोलादी नळी, गुणक ०.००५७. माझ्या पंचवीस टिका, त्याच्या अठरा. गुणाकार केला की तेच दोन आकडे. असे गुणक सहसा सिझियम-१३७ सारख्या ठराविक स्रोतासमोर ठरवलेले असतात. आमच्या खोलीत सिझियम नव्हतं. होते भिंतीतल्या खनिजांचे किरण, आकाशातून येणारे म्युऑन आणि प्रत्येक नळीच्या स्वतःच्या टिका.

त्यातून आकडा स्थिरही राहीना. कधी सतरा, कधी एकतीस. ओळखीच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आधी मिनिटाचे आकडे बघणं सोडा. तासभर मोजा आणि मग माझ्याकडे या.” किरणोत्सारी क्षय यदृच्छेने होतो, त्यामुळे मोजणीतली अनिश्चितता एकूण टिकांच्या वर्गमुळाएवढी असते. पंचवीस टिकांमागे पाच, म्हणजे वीस टक्के. तासाभरात दीड हजार टिका जमल्या की सुमारे एकोणचाळीस, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. काउंटरांच्या जागांची अदलाबदल करून तासभर मोजलं, तरी फरक राहिला. म्हणजे तो नशिबाचा खेळ नव्हता.

आता दोघांसमोर ठेवायला सारखा स्रोत हवा होता. सिझियमसारखे स्रोत अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतात, ते घरी आणून खेळण्याची गोष्ट नाही. पण कृषी सेवा केंद्रात ००:००:६० छापलेलं पोटॅश मिळतं. नैसर्गिक पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंतला साधारण एक पोटॅशियम-४० असतो. एका किलो पोटॅशमध्ये दर सेकंदाला सुमारे पंधरा हजार अणू फुटतात आणि तरीही ते शेतात हाताने टाकलं जातं. शिवाय पोटॅशियम-४०चं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं! सिझियम-१३७ तीस वर्षांत निम्मं होतं. पोटॅशचा डबा माझ्या आयुष्यात बदलणार नाही.

पोटॅश चपट्या डब्यात भरून, अंतर ठरवून, दोन्ही काउंटर आळीपाळीने त्यावर ठेवले. टिका वाढल्या. रिकाम्या खोलीतल्या टिका वजा केल्यावर दोघांची वाढ जवळपास सारखी निघाली. म्हणजे माझ्या जादा टिकांतला काही भाग खोलीतून नव्हे, नळीतूनच येत असावा. मग मध्ये तीन मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा सरकवला, तर वाढ बहुतेक नाहीशी झाली. पत्र्याने बीटा कण अडवले होते; गॅमा त्यातून आरपार जातात. त्या बीटांनाही पडदा गॅमा समजून मायक्रोसिव्हर्टमध्ये गुणत होता. पोटॅशसमोर तो आकडा निरर्थकच होता.

कोण खरं, हे घरी ठरत नाही, हे मी आता मान्य केलं आहे. खरं कॅलिब्रेशन म्हणजे ज्ञात तीव्रतेच्या किरणांसमोर तपासणी. तिची राष्ट्रीय मानकं तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जपली जातात. तीव्र किरणोत्सारात नळी कशी वागेल, हेही पोटॅश सांगू शकत नाही. प्रत्येक टिकेनंतर एसबीएम-२० सुमारे १९० मायक्रोसेकंद आंधळी असते, आणि फार दाट माऱ्यात काही काउंटर चक्क शून्याकडे घसरतात.

तरीही घरच्या तुलनेला मोल आहे. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर २०११ साली जपानमध्ये सुरू झालेल्या सेफकास्ट या किरणोत्सार मोजणाऱ्या गटाच्या स्वयंसेवकांनी बीगायगी नॅनो या उपकरणात सगळीकडे एलएनडी ७३१७ ही एकच नळी वापरली आणि मिनिटाच्या मूळ टिकाही नोंदवल्या. म्हणूनच एका गावचं मोजमाप दुसऱ्याशेजारी ठेवता येतं. मीही आता वहीत टिका, वेळ आणि नळीचं नाव लिहितो. पोटॅशवरचा आकडा उद्या बदलला, तर बदलला असेल तो माझा काउंटर, हे मला कळेल. कोणी घाबरून काउंटरचा फोटो पाठवला, तर त्याला तीनच प्रश्न विचारावेत: नळी कोणती, किती वेळ मोजलं, आणि गुणक कशासमोर ठरवला? उत्तरं मिळेपर्यंत त्या आकड्यावरून ना घाबरावं, ना निश्चिंत व्हावं.